बेळगावहून जुने गोवे आणि पणजी : इगर्जी, वस्तुसंग्रहालये आणि किल्ला दोन दिवसांत नीट पाहण्याचा क्रम

बेळगाव-खानापूर भागातली बहुतेक घरे गोव्याला अधूनमधून जातातच. मंगेशी-शांतादुर्गा होते, एखादा समुद्रकिनारा होतो, आणि परतताना जुन्या गोव्यात अर्धा तास गाडी उभी करून दोन इगर्जी, म्हणजे चर्च, पाहून होतात. शहर मात्र पाहायचे राहून जाते. जुने गोवे ही पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखाची राजधानी होती. १९८६ पासून तिथल्या इगर्जी आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. हे ठिकाण समजून घ्यायचे तर त्याला एक पूर्ण दिवस द्यावा लागतो आणि दुसरा पणजीला. खालचा क्रम ऊन, बंद असण्याचे वार आणि घाटरस्ता या तिन्हींचा हिशेब करून लावला आहे. समुद्रात डुंबायचे असेल तर तिसरा दिवस काढा. या दोन दिवसांत ते कोंबलेत तर सगळेच अर्धवट राहते.

वार आणि महिना आधी ठरवा

जुन्या गोव्यातले पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. पणजीसमोरचा रेइश मागुशचा किल्ला सोमवारी बंद असतो. रविवारी सकाळी इगर्जींत प्रार्थना चालते, त्या वेळी पर्यटकाने आत हिंडणे शोभत नाही आणि चालतही नाही. म्हणून नोकरदारांना शनिवार-रविवार सोयीचा : शनिवारी जुने गोवे, रविवारी पणजी. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार किंवा बुधवार-गुरुवार उत्तम, गर्दी कमी असते. शुक्रवार-शनिवार जाणार असाल तर दिवसांची अदलाबदल करा, आधी पणजी, मग जुने गोवे.

महिना म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे, म्हणजे गोवेकरांच्या 'गोंयच्या सायबा'चे फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. हा सोहळाच पाहायचा असेल तर जरूर जा. वास्तू निवांत पाहायच्या असतील तर ते दहा दिवस सोडा. या संताच्या जतन केलेल्या शवाचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. गेले २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले.

मार्चनंतर जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आपल्याला कोरड्या उन्हाची सवय. किनाऱ्यावर पारा फार चढलेला नसतानाही दमट हवेत घाम वाळत नाही, आणि अकराच्या सुमारास म्हातारी माणसे आणि मुले गळून जातात. माणशी दोन लिटर पाणी, सोबत लिंबू-मीठ-साखर ठेवा. जून ते सप्टेंबर घाट सुंदर असतो, पण दरड, धुके आणि शेवाळलेला जांभा दगड या तिन्हींची तयारी हवी.

रस्ता

बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली हा जवळचा मार्ग. पणजीपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ तीन ते साडेतीन तास. जांबोटी ते चोर्ला पट्ट्यात पावसाळ्यानंतर खड्डे किती उरलेत यावर पाऊण तास इकडेतिकडे होतो. पहाटे पाचला निघा. उशिरा निघालेल्याची दुपार जुन्या गोव्याच्या टेकडीवर उन्हात जाते, आणि निम्मी मंडळी गाडीतून उतरतच नाहीत. घाटात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि टाकी बेळगावातच पुरेशी भरा. वळणांवर मळमळणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि चहा-नाश्ता घाट उतरल्यावर साखळीत करा.

निपाणी-चिकोडीकडच्यांना संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा हा रस्ता पडतो. ते म्हापशाहून डिचोलीकडे वळून खालच्या क्रमात सामील होऊ शकतात. अवजड गाडीने किंवा मोठ्या बसने जाणाऱ्यांनी लोंढा, अनमोड, मोले, फोंडा हा मार्ग धरावा. तो लांबचा, पण फोंड्याहून थेट जुन्या गोव्यात उतरतो. एसटीने जाणाऱ्यांना मध्यवर्ती बसस्थानकावरून पणजीची गाडी मिळते. पणजीहून जुने गोवे दहा किलोमीटर, आणि तिथे जाणाऱ्या बस दिवसभर चालू असतात. रेल्वेने गेल्यास मडगावला उतरून बसने पणजी गाठायची.

नार्वे आणि फेरीबोट : शहरात पाण्यावरून शिरा

स्वतःची गाडी असेल तर हा टप्पा चुकवू नका. सगळ्या सहलीत आम्ही सर्वांत जास्त आग्रह याचाच धरू.

डिचोलीहून थेट पणजीला न जाता नार्व्याकडे वळा. तिथे श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवर या देवाचे नाव आहे. खानापूर तालुक्यातली हळशी ही याच कदंबांची दुसरी राजधानी. तिथले भूवराह नरसिंहाचे मंदिर पाहिलेल्या माणसाला नार्व्यात वेगळाच जिव्हाळा वाटतो, म्हणून जमल्यास आधीच्या एखाद्या रविवारी हळशी करून ठेवा. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात पाडले आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये इथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख प्रवेशद्वाराच्या वर आहे. आत जाण्याच्या घाईत तो नजरेतून सुटतो. दारात थांबा, मान वर करा, मुलांना तो दाखवा आणि मगच पायरी चढा. २०२३ मध्ये मंदिराची डागडुजी पूर्ण झाली आहे. इथे अर्धा तास पुरतो.

मंदिरापासून जवळच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडीला जाते. पायी माणसाला पैसे पडत नाहीत आणि मोटारही बोटीवर चढते. बोट लागताना घाई करू नका. आधी पलीकडच्या गाड्या उतरतात, मग खलाशी हात करतो तशी गाडी चढवायची, इंजिन बंद, हँडब्रेक वर. ठेंगण्या मोटारींचा पुढचा भाग उताराच्या फळीवर घासतो, म्हणून जड माणसांना आधी उतरवा. दिवाडीवर जुन्या नार्व्याला कोटितीर्थाची तळी आहे, मूळ देवळाची तीच खूण. बेटावरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना खाजणाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते.

बेटाच्या दक्षिणेला दुसरा धक्का लागतो. तिथून बोट पाच-दहा मिनिटांत मांडवी ओलांडते, आणि उतरून सरळ वर चालू लागलात की व्हाइसरॉयची कमान समोर येते. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच कमानीतून शहरात शिरत असे. म्हणून पाहणीची सुरुवात इथून करायची, वाहनतळावरून नव्हे.

जुने गोवे : साडेनऊ ते साडेपाच

कमान १५९९ ची, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने उभारली. आजची बांधणी १९५४ च्या डागडुजीची आहे. दहा मिनिटे पुरेत. वर चढून डाव्या हाताला सेंट काजेतानची इगर्ज. रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरची, घुमटाची. तिच्या आवारात काळ्या दगडाची एक एकाकी चौकट उभी दिसेल : दोन खांब, वर आडवी शिळा, बाजूला जाळीचे तुकडे. आदिलशहाच्या वाड्यातले तेवढेच उरले आहे. पुढे १५५४ ते १६९५ या काळात व्हाइसरॉय त्याच वाड्यात राहत. बेळगावचा किल्लाही आदिलशाहीतलाच, त्यामुळे हा दरवाजा आपल्या इतिहासाचाही भाग आहे. लोक याच्यासमोरून न पाहता निघून जातात.

मग से कॅथेड्रल. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, म्हणजे संत कॅथरीनच्या दिवशी, गोवा आदिलशहाकडून घेतले. म्हणून ही इगर्ज तिच्या नावाची. काम १५६२ मध्ये सुरू झाले. लांबी सुमारे अडीचशे फूट. दर्शनी बाजूला एकच मनोरा का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो : दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे, तिच्या नादावरून ते नाव पडले. मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत, ते पुढे जाऊन एकेक करून पाहा.

शेजारी सेंट फ्रान्सिस असिसीची इगर्ज, आणि तिच्या मठाच्या इमारतीत पुरातत्त्व वस्तुसंग्रहालय. इथे निदान दीड तास द्या. अकरा-साडेअकराला आत शिरलात की ऊन चुकते. तळमजल्यावर मूर्ती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीचे दगड आणि शिलालेख, वर पोर्तुगीज व्हाइसरॉय-गव्हर्नरांची तैलचित्रे. अल्बुकर्कचा ब्राँझचा मोठा पुतळाही इथेच आहे. तो पूर्वी पणजीत होता, ती जागा दुसऱ्या दिवशी पाहायची आहे.

वीरगळांसमोर मात्र रेंगाळा. वीरगळ खालून वर वाचतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, वीर पडलेला किंवा झुंजताना. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही हातांनी धरून वर नेताना दिसतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर बसलेला, बाजूला पुजारी. माथ्यावर चंद्र-सूर्य : जोवर ते आहेत तोवर कीर्ती राहील, असा अर्थ. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला हात आणि त्यात बांगड्या दिसतात. असे दगड आपल्याकडेही गावाच्या वेशीवर, देवळामागे, शेंदूर फासून किंवा धुण्याच्या दगडाशेजारी पडलेले असतात. इथे एकदा वाचायला शिकलात की आपल्या गावचे दगड बोलायला लागतील.

रस्ता ओलांडून बॉम जीझसची बॅसिलिका. १५९४ मध्ये सुरुवात, १६०५ मध्ये अर्पण. आत जाण्याआधी बाहेरच्या भिंतीजवळ जा. दगड लालसर तपकिरी आणि भोकाभोकांचा आहे : जांभा, ज्याचे चिरे खानापूर-जांबोटीकडच्या घरांना असतात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, पाथरवट हत्याराने सहज कापतो. हवा लागली की कडक होतो. पण भोके राहतात, आणि कोकणातला मुसळधार पाऊस त्यांतून आत मुरतो. म्हणून इथल्या सगळ्या इगर्जींना चुन्याचा गिलावा असे आणि दर पावसाळ्यानंतर तो नव्याने लावत. या बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात 'जुना दगड दिसावा' म्हणून काढून टाकला. तेव्हापासून भिंती पाऊस पितात, कोपऱ्यांत हिरवे-काळे डाग आणि झिजलेल्या कडा दिसतात. हाताने खरवडून पाहू नका, कण गळतात. दर्शनी भागातले नक्षीचे काम मात्र वसईहून आणलेल्या काळ्या दगडात आहे, ते कसे टोकदार राहिले ते तुलना करून पाहा.

आत संत झेवियरची समाधी. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला आणि १५५४ मध्ये शव गोव्यात आले. चांदीची पेटी १६३६-३७ मधली, गोव्याच्याच कारागिरांची. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने दिलेला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवलेला, १६९८ मध्ये जोडलेला. पेटी उंचावर असते, इतर वेळी शव जवळून दिसत नाही. त्यासाठी ताटकळू नका, चौथऱ्यावरचे ब्राँझचे चार प्रसंगपट पाहा. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जवळच्या जुवे बेटावरचा कोट घेतला आणि शहर हादरले, तेव्हा व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड याच संताच्या पायाशी आणून ठेवला, अशी आठवण सांगतात. तेव्हा हा संगमरवरी चौथरा नव्हता, चांदीची पेटी होती.

इगर्जींत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्ध्या चड्डीतल्या मुलग्यांना आणि बिनबाह्यांच्या कपड्यांतल्यांना दारातच अडवतात. गाडीत दोन पंचे किंवा ओढण्या ठेवल्या की प्रश्न मिटतो. फ्लॅश वापरू नका, फोटोबद्दलच्या पाट्या वाचा. मोफत माहिती देतो म्हणून चिकटणाऱ्यांना आधीच नाही म्हणा किंवा आधी रक्कम ठरवा.

जेवणाला दीडच्या सुमारास थांबा. दशमी, शेंगाचटणी बांधून आणली असेल तर पुरातत्त्व खात्याच्या हिरवळीवर पसरू नका, तिथे खायला मनाई असते.

जेवणानंतर टेकडी. आधी सांता मोनिकाच्या मठातले ख्रिस्ती कलेचे वस्तुसंग्रहालय, म्हणजे दुपार सावलीत जाते. हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रे, भरतकामाची वस्त्रे आहेत. ख्रिस्ती विषय आणि हिंदू कारागिराचा हात एकाच वस्तूत दिसतो, ते शोधत पाहा. चार वाजता बाहेर पडून समोरच्या सेंट ऑगस्टिनच्या भग्नावशेषांत जा. दुपारी जाण्यासारखी ही जागा नव्हे, सावलीचा टिपूस नाही. ४६ मीटर उंचीचा मनोरा, तोही निम्माच उरलेला. मठ १८३५ मध्ये बंद पडला, दुर्लक्षाने १८४२ मध्ये छत कोसळले. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष इथल्या उत्खननात सापडले. पर्शियाच्या शहाने तिला १६२४ मध्ये मारले होते आणि ऑगस्टिनी साधूंनी अवशेष गोव्यात आणले होते. २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. जोत्यांवरून उड्या मारू देऊ नका, चिरे सुटे आहेत.

शेवटी पलीकडची रोझरीची इगर्ज, सोळाव्या शतकातली, या शहरातल्या अगदी जुन्यांपैकी. तिच्या अंगणातून संध्याकाळची मांडवी आणि सकाळी ओलांडलेले दिवाडी बेट दिसते. मुक्काम पणजीत करा. रायबंदरमार्गे गेलात तर १६३३-३४ मध्ये बांधलेल्या तीन किलोमीटरच्या बांधावरून गाडी जाते, आजही तोच रस्ता वापरात आहे.

पणजी : दुसरा दिवस

साथींनी जुने शहर ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला आले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्यामुळे पणजीत जुन्या गोव्याचे तुकडे सापडतात. ते ओळखत फिरलात तर कालचा दिवस आजच्याला जोडला जातो.

साडेसातला फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीत या, गाडी बाहेर लावून. नऊनंतर फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. ही राहती घरे आहेत : उंबऱ्यावर बसू नका, खिडकीत डोकावू नका, जिन्यावर उभे राहून फोटो नकोत. रहिवासी वैतागले आहेत आणि त्यांचे बरोबर आहे. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले दिसले तर थांबा. चपट्या शिंपल्याचे पातळ चौकोन कापून लाकडी पट्ट्यांत ओवलेले असतात. ऊन आत येते, पण दुधासारखे मऊ होऊन.

तिथून चालत इमॅक्युलेट कन्सेप्शनची पांढरी इगर्ज. मूळ १५४१ ची, १६१९ मध्ये नव्याने बांधलेली. हिची मोठी घंटा सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यातून आली. पायऱ्या बऱ्याच, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावे. पुढे आझाद मैदान : मधल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्याच्या अवशेषांतले, आणि काल पाहिलेला अल्बुकर्क याच मंडपात उभा असे. आता तिथे गोवा मुक्तिलढ्यातले नेते टी. बी. कुन्हा यांचे स्मारक आहे. या लढ्यात बेळगाव हे सत्याग्रहींचे मोठे ठाणे होते, त्यामुळे इथे दोन मिनिटे थांबणे आपल्याकडच्यांचे कर्तव्यच आहे. मैदानाला लागूनच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवर वास्को द गामाच्या सफरीवरील पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत, १९३५ चे काम. नदीकडे आलात की आदिलशहाचा वाडा आणि त्याच्याजवळ आबे फारियाचा पुतळा, संमोहनशास्त्राचा हा पुरस्कर्ता कांदोळीचा. पुतळा १९४५ चा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत.

साडेअकराला पूल ओलांडून रेइश मागुश. किल्ला १५५१ चा, पुढे तुरुंग, डागडुजीनंतर २०१२ मध्ये खुला. १७३९ मध्ये सावंतवाडीकरांनी बारदेश, म्हणजे मांडवीच्या उत्तरेचा हा तालुका, व्यापला, पण हा आणि आग्वाद हे दोन किल्ले त्यांच्या हाती आले नाहीत. मांडवीचे मुख इथे किती अरुंद होते ते तटावरून पाहिले की कारण कळते. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे आणि स्वातंत्र्यसैनिकांची माहिती आहे. चढ थोडका पण खडा.

जेवून अडीचपर्यंत परतीला लागा. हिवाळ्यात सहानंतर चोर्ल्यात अंधार आणि धुके एकदम उतरते. काजू, फेणीच्या दुकानांत वेळ घालवू नका. गोव्याची दारू गाडीत घालून आणणे कर्नाटकात गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. धुके लागलेच तर हेडलाइट खाली, गाडी चालत असताना हॅझर्ड दिवे न लावता, रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून चाला, आणि कणकुंबी येईपर्यंत कोणालाही ओलांडू नका.